शिळामातेची कूस

गणपती दूध प्यायले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. खोपेटाकळीत सोमवार उजाडला की मारुतीच्या पारापुढं मुंगीला शिरायला जागा उरायची नाही. माजलगावकडून येणारी एसटी फाट्यावर अडायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला की खाली उतरायचा आणि टाचा उंचावून तोही बघायला लागायचा. बाया लेकरं कडेवर घेऊन कालव्याच्या काठानं यायच्या. ज्यांच्या घरी नुकतीच केबल आली होती, तेसुद्धा टीव्ही बंद करून यायचे. टीव्हीत रडणारी माणसं अनोळखी असत. इथं ओळखीच्या माणसाची फजिती बघायला मिळायची.

पारावर भगव्या चादरीवर शिळानाथ महाराज बसलेले असत. वय फार नव्हतं, पण दाढी भरघोस होती आणि आवाज दाढीहून मोठा. त्यांच्यापुढं विटांच्या दोन थप्प्या आणि त्यांवर आडवी ठेवलेली एक शहाबादी फरशी.

"ही फरशी न्हाई, माय हाय," महाराज डोळे मिटून म्हणायचे. "हिमालयात तपाला बसलो तवा ही माझ्या मांडीखाली होती. खऱ्या माणसाला ही फुलावानी झेलती. पाप्याचा पाय पडला की हिचं काळीज फाटतं. शिळामातेपुढं वकील चालत न्हाई, पोलीस चालत न्हाई, वशिला तर मुळीच चालत न्हाई."

शहाबादची फरशी हिमालयात कशी पोचली, हे कुणी विचारत नसे. आणि दर सोमवारी एकदोन माता फुटत असताना महाराजांच्या जीपमधून तशाच नव्या माता कशा उतरत, हेही कुणाला खटकत नसे.

मी या गावातल्या जनावरांच्या दवाखान्याचा डॉक्टर, वीरभद्र मिटकरी. माझा रोगी बोलत नाही आणि रोग्याचा मालक खरं बोलत नाही. म्हशीला काय खायला घातलं ते विचारलं तर 'नेहमीचंच' असं उत्तर येतं आणि नंतर तिच्या पोटातून प्लास्टिकची पिशवी निघते. त्यामुळं ऐकलेल्यापेक्षा हाताला लागेल तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा, अशी मला सवय लागलेली. महाराजांच्या दरबाराला मी दर सोमवारी जायचो, ते मनातल्या मनात हसायला.

महाराजांना गावात आणलं सरपंच मोहनरावांनी. झालं असं, की देवीच्या देवळातले चांदीचे डोळे एके सकाळी गायब झाले. मूर्ती नुसती दगडी डोळ्यांनी बघत राहिली. पोलीस आले, चहा पिऊन गेले. गावात जो तो दुसऱ्याच्या दाराकडं बघायला लागला. मोहनराव भला माणूस, पण आपल्या कारकिर्दीत देवीचे डोळे जावेत याची त्यांना लई लाज वाटत होती. कुणीतरी सांगितलं, आष्टीकडं एक महाराज आहेत, ते शिळेवर उभं करून चोर ओळखतात. मोहनराव स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले.

महाराज आले ते राहिलेच. पहिले काही सोमवार बारीकसारीक खटले झाले. कुणाची कोंबडी, कुणाच्या बांधावरचं लिंबाचं झाड. महाराज प्रत्येकाचं नाव विचारायचे, कपाळ न्याहाळायचे, पुटपुटायचे. मग शिष्य सिदू शिळेला पाणी घालायचा, भस्म फासायचा. कधीकधी महाराज डोळे उघडून हुकूम द्यायचे, "शिळामातेनं कूस बदलावी." मग सिदू फरशी उचलून पालथी घालायचा, पुन्हा भस्म फासायचा आणि माणसाला वर चढवायचा. कधी फरशी फुटायची, कधी टिकायची. गाव श्वास रोखून बघायचं आणि मग एकदम बोलायला लागायचं.

याच काळात महाराजांनी शिळाभस्माच्या पुड्या काढल्या. त्या गावातल्या एकुलत्या एक किराणा दुकानात ठेवाव्यात म्हणून सिदू पुड्यांचं खोकं घेऊन नीलाबाई शेट्यांकडं गेला. मी तिथं साबण घ्यायला गेलतो.

नीलाबाईंनी एक पुडी फोडली, बोटानं चोळली, नाकाशी नेली. नवरा वारल्यावर वीस वर्षं दुकान एकटीनं चालवलेली बाई. वास घेऊन तुरीतली भेसळ सांगायची.

"सिदू, मी रोज कपाळाला विभूती लावते. कपिलधारला दरसाल जाते," त्या म्हणाल्या. "विभूती कुठली आन् चुलीतली राख कुठली, हे मला कळतंय. ह्या राखेनं मी भांडी घासते. तुझ्या महाराजाला सांग, भांडी घासायची असली तर ठेवते, कपाळाला लावायला न्हाई."

दुकानातले सगळे हसले. सिदू नाही हसला. तो खोकं उचलून गेला.

पुढच्याच सोमवारी महाराजांनी देवीच्या डोळ्यांचा खटला काढला. "आज माय बोलणार," ते म्हणाले. आधी पुजारी चढला, फरशी टिकली. मोहनराव चढले, फरशी टिकली. त्यांनी वरच हात जोडले आणि उतरताना डोळे पुसले. मग महाराजांनी गर्दीकडं बोट केलं. "ती विभूतीवाली बाई कुठं हाय?"

नीलाबाई पदर खोचून पुढं आल्या. "मी हाय की इथंच. घाबरते का काय."

महाराजांनी त्यांच्या कपाळाकडं बराच वेळ बघितलं आणि हुकूम दिला, "शिळामातेनं कूस बदलावी." सिदूनं फरशी पालथी घातली. नीलाबाई वर चढल्या. दुसरा पाय टेकतो न टेकतो तोच फट्‌ असा आवाज झाला, फरशीचे दोन तुकडे झाले आणि नीलाबाई विटांच्या मधोमध जमिनीवर उभ्या राहिल्या.

मग भिवराबाई, त्यांची अगदी भिंतीला भिंत असलेली शेजारीण, तोंडाला पदर लावून म्हणाली, "नीला, कावून केलंस गं असं?"

ते ऐकून नीलाबाईंचा चेहरा पडला. महाराजांना त्या उत्तर देऊ शकल्या असत्या, भिवराबाईला नाही देऊ शकल्या.

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "अहो, साधी गोष्ट आहे. नीलाबाईंचं वजन जास्त आहे. पुजारी काडीपैलवान, मोहनराव वाळलेले. वजनानं फुटली फरशी."

महाराज गालात हसले. त्यांना हेच हवं होतं. "सटवा," त्यांनी हाक मारली.

सटवा पैलवान माझ्या दवाखान्यात बैल आडवा पाडायला मदत करतो. बैल आधी त्याच्याकडं बघतो आणि मग आपण होऊनच आडवा होतो. तो नव्या फरशीवर चढला, दोन्ही मांड्यांवर थाप मारली, वर दोन बैठका काढल्या. फरशी हूं की चूं करेना.

"डाक्टर," महाराज म्हणाले, "तुमी म्हशीची नाडी बघा. मायची नाडी आमी बघतो."

सगळं गाव हसलं. खरं सांगायचं तर सटवाही हसला. वजनाचा मुद्दा दोन बैठकांत खलास झाला होता.

त्या दिवसापासून नीलाबाईंच्या दुकानात गिऱ्हाईक येईना. लोक चहापत्ती आणायला शेजारच्या गावी जायला लागले. कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं, पण त्या पाण्याला गेल्या की हापशावरच्या बाया घागरी अर्ध्या भरूनच निघायच्या. आणि येत्या सोमवारी पंचांनी ठरवायचं होतं, की बाईला गावात ठेवायचं का नाही. मी एकदा गेलो तर त्या मागच्या अंगणात धुणं धुवत होत्या.

"डाक्टर, मी एकटीच पडले म्हणून न्हाई वाईट वाटत," त्या म्हणाल्या. "सकाळी देवापुढं बसले की माझंच मला वाटायला लागतंय, आपून झोपेत तर न्हाई ना गेलो देवळात? शाणी बाई मी, आन् मला असं वाटायला लागलंय."

मग त्यांनी बीडला भाचीला फोन केला. फाट्यावरच्या एसटीडी बूथमधून केला आणि बूथवाल्यानं ते गावभर सांगितलं.

भाची म्हणजे प्रणिता. बीडच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायची. तिचं काम काय, असं विचारलं तर ती म्हणायची, "वस्तू फोडते." सिमेंटचे ठोकळे, विटा, फरश्या यंत्रात घालायच्या, भार वाढवत न्यायचा आणि किती भारानं फुटतात ते बघायचं. एवढं शिकून बाई मोडतोड करते, याचं भिवराबाईला फार नवल होतं.

प्रणिता शुक्रवारी आली. मावशीला जवळ घेतलं, माझ्याकडून सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली, "डॉक्टर, वजनाचा मुद्दा तुम्ही उगाच काढलात. तसं नसतं ते. मावशी, दुकानात खडू आहेत?"

"खोकंच्या खोकी हायेत. कोण नेतंय."

त्या दिवशी दुपारी दुकानाच्या ओट्यावर प्रणितानं बिस्किटाचे दोन डबे थोडं अंतर सोडून ठेवले. दोन्हींवर टेकेल असा एक खडू आडवा ठेवला. खडूच्या मधोमध दोरीनं एक छोटी बादली टांगली आणि पेल्यापेल्यानं तिच्यात पाणी ओतायला सुरुवात केली. खडू फुटायचा, बादली खाली ठेवलेल्या पोत्यावर धप्पकन पडायची, ती दुसरा खडू लावायची.

दुकानात न येणारी माणसं ओट्याशी मात्र जमली. दुकानात शिरणं आणि ओट्याशी उभं राहणं यात फरक आहे, असं ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवलं असावं. भिवराबाई आली. सटवा आला. शेवटी मोहनरावही 'इकडून चाललो होतो' असं म्हणत आले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"खटला चाललाय," प्रणिता शांतपणे म्हणाली. "हा आता सटवाभाऊंचा खडू."

सटवाचा खडू नऊ पेल्यांना फुटला. भिवराबाईच्या नावाचा खडू टिकला, टिकला, बादली भरत आली तरी टिकला. भिवराबाई भोवती असं बघायला लागली, जणू खडू तिनं लहानाचा मोठा केला होता. मग प्रणितानं मोहनरावांच्या नावाचा खडू लावला. तो चौथ्या पेल्यालाच मोडला.

सटवानं घसा साफ केला. भिवराबाई हळूच म्हणाली, "मोहनराव, कावून केलंत असं?"

"अगं, खडू हाय तो," मोहनराव घाईनं म्हणाले. "फॅक्टरीतनंच कच्चा आला असंल. त्याला मी काय करू?"

"हेच," प्रणिता म्हणाली. "हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, मामा. एका खोक्यातले खडू, एका साच्यातले, दिसायला जुळे. तरी एक चार पेल्यांना जातो, एक चौदा पेल्यांना. बहुतेक मधेच कुठंतरी जातात. खडू, काच, वीट, फरशी, सगळ्या ठिसूळ वस्तूंचं असंच असतं. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. विहिरीचा दोर तुटतो तेव्हा सगळा दोर थोडाच खराब असतो? जिथं सगळ्यात जास्त झिजला, तिथं तुटतो. खडूही तसाच. त्याची सगळ्यात मोठी भेग कुठं आणि केवढी आहे, त्यावर त्याचं आयुष्य. अमुक एक फरशी कधी फुटेल हे मी यंत्र लावूनही आधी सांगू शकत नाही. शंभर फरश्यांतल्या साधारण किती फुटतील, एवढंच सांगू शकते."

"मग माझ्या नावानं दुसरा लाव," मोहनराव म्हणाले.

दुसरा खडू बारा पेल्यांपर्यंत टिकला.

"म्हंजे पाप फिटलं," सटवा म्हणाला.

"गप बे," मोहनराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

मी विचारलं, "म्हणजे नीलाबाईंच्या पायाखालची फरशी योगायोगानं फुटली?"

प्रणितानं मान हलवली. "तेच मला पटत नाही. डॉक्टर, तुम्ही सगळे दरबार बघितलेत. महाराजांची मर्जी असलेल्या माणसाखाली एकदा तरी फरशी फुटली?"

मी आठवू लागलो. महाराजांना रोज दूध पोचवणारा टिकला. त्यांना जीपमध्ये बसवून फिरवणारा टिकला. भर दरबारात प्रश्न विचारणाऱ्या शाळामास्तरांखाली फुटली. सिदूला वाट न देणाऱ्या छबुबाईखाली फुटली. एकही उलटं उदाहरण आठवेना.

"नुसता योगायोग असता तर महाराजांचा एखादा तरी लाडका आपटला असता," प्रणिता म्हणाली. "दगड इतका आज्ञाधारक नसतो. या फरशीत चूक होतच नाही, म्हणून मला संशय येतो. कुणीतरी तिला शिकवतंय. मावशी, त्या फुटलेल्या फरशीचं काय झालं?"

"मीच आणली दोन्ही तुकडं उचलून," नीलाबाई म्हणाल्या. "माझ्यावर आळ घालून फुटली, मग माझं काम तरी करू दे. धुणं धुतेय की तिच्यावर."

आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. प्रणितानं साबणाच्या फेसातून तुकडा उचलला, तुटलेली कड उन्हात धरली आणि बोट फिरवलं. मग तो माझ्या हातात दिला.

साधा दगड फुटला की कड वेडीवाकडी, खरबरीत होते. ही कड पट्टी लावल्यासारखी सरळ होती. आणि तिच्या एका अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुळगुळीत चकाकणारी एक पट्टी होती, बोटाच्या पेराच्या चौथाईएवढी. तिथं दगड फुटलेला नव्हता, कापलेला होता. नख लावलं तर मेणाचा पापुद्रा निघाला, त्यात दगडाची पूड कालवलेली.

"करवतीच्या पात्यानं चर पाडलीय," प्रणिता म्हणाली. "वरून मेण भरून पुसलंय. भस्म फासल्यावर काय दिसणार."

"पण मग टिकायची कशी? मोहनराव उभे होते की तिच्यावरच," सटवानं विचारलं.

प्रणितानं एक खडू घेतला आणि सुरीनं त्याला मधोमध खाच पाडली. खाच वर ठेवून बादली टांगली. पाणी ओतत राहिली, खडू टिकून राहिला. मग बादली रिकामी केली, खडू उचलला, नुसता उलटा फिरवला, खाच खाली. दुसऱ्याच पेल्याला कट्‌.

"दोन टेकूंवरच्या वस्तूवर भार आला की ती वाकते," ती म्हणाली. "आपल्याला दिसत नाही, पण फरशीही वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. भेग वर असली तर दाबून मिटते. खाली असली तर उसवत जाते. बस्स. सटवाभाऊ, तुमच्या वेळी चर वर होती."

मला मात्र दुसरंच काही आठवलं. शिळामातेनं कूस बदलावी. डोळ्यांदेखत, भर गर्दीत, सिदू फरशी उलटी करत होता. आम्ही सगळे ती पूजा समजून बघत होतो. मनातल्या मनात हसणारा मीसुद्धा.

मोहनरावांनी तो तुकडा घेऊन कापलेल्या कडेवर स्वतः बोट फिरवलं. मग म्हणाले, "नीलाबाई, सोमवारी तुमी परत चढा. मी सांगतो महाराजाला. सरपंच हाय मी."

सोमवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण खडूंचा खटला एव्हाना पंचक्रोशीत पोचला होता. महाराजांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. भक्तांचं असंच असतं. महाराजांना सगळं आपोआप कळतं, या भरवशावर ते काहीच कळवत नाहीत.

"पुन्हा कावून?" महाराजांनी भुवया चढवल्या. "मायनं निकाल दिलाय."

"अपील हाय," मोहनराव म्हणाले.

महाराजांनी नीलाबाईंचं कपाळ बघितलं, पुटपुटले आणि म्हणाले, "शिळामातेनं कूस बदलावी." सिदूनं फरशी उलटली, भस्म फासलं.

नीलाबाई फरशीपाशी आल्या आणि थांबल्या. "आता परत एकदा बदला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मायला म्हणावं, त्या कुशीवर अवघडली असंल. या कुशीवर होऊ दे."

सिदू महाराजांकडं बघायला लागला. महाराजांचा आवाज पहिल्यांदाच दाढीपेक्षा लहान झाला. "माय कोपंल. असा खेळ चालत न्हाई हितं."

मोहनरावांनी सटवाला खूण केली. सटवानं फरशी पाटासारखी उचलली आणि उलटी करून ठेवली.

तेवढ्यात प्रणिता पुढं आली. मला वाटलं, ती आता चर दाखवील. पण ती लोकांकडं वळून म्हणाली, "एक गोष्ट आधीच सांगते. हा दगड आहे. आतून कच्चा असेल तर तो अजूनही फुटू शकतो. मी खात्री देत नाही. फुटला तर तो दगडाचा दोष, माझ्या मावशीचा नाही. म्हणून मी आधी चढते."

"सर बाजूला," नीलाबाई म्हणाल्या. "आळ माझ्यावर हाय, पाय पण माझेच पडतील."

मी प्रणिताच्या शेजारी उभा होतो. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. चमत्कार करणाऱ्याला कधीच भीती वाटत नाही, कारण त्यानं सगळं ठरवलेलं असतं. खरं बोलणाऱ्याला वाटते.

नीलाबाईंनी एक पाय ठेवला. मग दुसरा. फरशी गप्प राहिली. नीलाबाईंनी जरा वजन इकडंतिकडं केलं, पदर सारखा केला आणि भिवराबाईला शोधून काढलं.

"भिवरे, बघ बाई. बघितलंस?"

भिवराबाई रडायलाच लागली.

नीलाबाई उतरल्यावर प्रणिता म्हणाली, "आता परत कूस बदलू. पण माणूस नको, ज्वारीचं पोतं ठेवू. ज्वारीला तर पाप नसतं ना, महाराज?"

सटवानं फरशी पालथी केली आणि जवळच्या बैलगाडीतलं पोतं खांद्यावर घेऊन अलगद टेकवायला गेला. अर्धाही भार पडला नसेल तोच फट्‌ झालं. पोतं विटांच्या मधे बसलं.

महाराजांनी डोळे मोठे केले. संधी दिसली की त्यांची जीभ थांबत नसे. "बघा," ते गरजले, "माय खोटं बोलत न्हाई. ही ज्वारी चोरीची हाय. कुण्या पाप्याच्या रानातली हाय."

सगळ्यांनी पोत्याकडं बघितलं. मग सगळ्यांनी मोहनरावांकडं बघितलं, कारण बैलगाडी त्यांची होती.

मोहनराव सावकाश पुढं आले. "माझ्या रानातली हाय," ते म्हणाले. "माझ्या बापानं कसलेलं रान. परवापातुर मी खरा माणूस होतो, रडलो होतो मी हिच्यावर उभा राहून. आन् आज माझी ज्वारी चोर?"

पुढं फार वेळ लागला नाही. मोहनरावांनी स्वतः जीपमधल्या फरश्या उतरवून घेतल्या, गरम पाणी मागवलं आणि एकेका मातेला अंघोळ घातली. प्रत्येक मातेच्या एका कुशीवर मेण वितळलं आणि खाली सरळसोट चर निघाली. लोक रांगेनं येऊन त्या चरीवर बोट फिरवून जात होते. महाराज मागच्या बाजूनं पारावरून उतरायला बघत होते, पण तिथं सटवा उभा होता. तो काहीच करत नव्हता, नुसता उभा होता.

दोघाचौघांनी बाह्या सरसावल्या तेव्हा नीलाबाईच मधे पडल्या. "हात लावायचा न्हाई कुणी. मला हे आठ दिवस जे झालं ते दुसऱ्याला नको. पोलिसांत द्या."

तसंच झालं. ठाण्यात महाराजांनी आपलं नाव रामेश्वर असं सांगितलं. आधी तो फरश्या बसवायच्या ठेक्यावर मुकादम होता, हे सिदूनं न विचारताच सांगून टाकलं. फसवणुकीची तक्रार नोंदवली गेली. यावेळी चहा मोहनरावांनी पाजला नाही.

दुकान पुन्हा चालू झालं. भिवराबाई काही दिवस रोज दर अर्ध्या तासाला येऊन पाव किलो साखर न्यायची. माफी कशी मागायची ते तिला ठाऊक नव्हतं, साखर मागणं जमत होतं. नीलाबाईंनी बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एक दिवस दोघी पुन्हा भिंतीवरून भांडताना ऐकू आल्या आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

जाण्याच्या आदल्या दिवशी प्रणिताला मोहनरावांनी विचारलं, "सगळं खरं, पण मग देवीचे डोळे कुणी नेले?"

"माहीत नाही, मामा," ती म्हणाली.

"तुझ्या शास्त्रानं सांगता येत न्हाई?"

"नाही. ते शोधावं लागेल. विचारपूस करावी लागेल. कदाचित कधीच कळणार नाही."

मोहनरावांना ते उत्तर आवडलं नाही. मलाही तेव्हा जरा अपुरं वाटलं. आज मला वाटतं, सबंध प्रकरणात त्याच्याइतकं प्रामाणिक वाक्य कुणीच बोललं नव्हतं. महाराजांकडं सगळ्याची उत्तरं होती, म्हणून तर एका निर्दोष बाईला गावातून काढायची वेळ आली. डोळे कुणी नेले ते गावाला आजतागायत कळलेलं नाही. गाव त्यावाचून अडलेलं नाही.

कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्यावर हसू नका, हसून मीही काही मिळवलं नव्हतं. नमस्कारही करू नका. जवळ जा, हात लावून बघा. पुन्हा करून दाखवा म्हणा, आणि या वेळी ठरवणारा तो नसून तुम्ही असा. तो कधीच चुकत नसेल तर जास्तच जपून राहा. आणि उत्तर सापडलं नाही, तर 'माहीत नाही' असं म्हणा. त्यानं कुणाचं घर मोडत नाही.